बर्फातलं आवण

त्या बाई काही बोलल्या असत्या तर ती गोष्ट तिथेच संपली असती. ओरडल्या असत्या, मी मान खाली घालून माफी मागितली असती, रात्री जेवताना त्याबद्दल काय ते बोलणं झालं असतं आणि विसरून गेले असते. पण त्या बोलल्या नाहीत. स्कीवरून येता येता थांबल्या, दोन्ही काठ्या बाजूच्या बर्फात रोवल्या आणि त्यांच्या वाटेत मी पाडलेल्या खड्ड्यांकडे बघत राहिल्या. सत्तरीच्या असतील. लाल लोकरी टोपी, टोपीतून निसटलेल्या केसांवर आणि पापण्यांवर स्वतःच्याच श्वासाचा बर्फ जमलेला. मग त्या वाकल्या. जाड हातमोज्याने बाजूचा बर्फ पहिल्या खड्ड्यात ओढला, तळव्याने दाबला, अजून ओढला, अजून दाबला. तो भरला की पुढचा. मदत करायला म्हणून मी त्यांच्याकडे पाऊल टाकलं, तर तिथे आणखी एक खड्डा पडला. मग मात्र जागची हलले नाही. चौदा खड्डे होते, हा पंधरावा. सगळे भरून झाल्यावर त्यांनी त्या पट्ट्यावरून स्की दोनदा पुढे-मागे सरकवल्या, मोडलेली खाच पुन्हा उमटवली, माझ्याकडे बघून मान हलवली, ‘हेइ हेइ’ म्हणून निरोप घेतला आणि निघून गेल्या.

ही गोष्ट सारिसेल्क्याची, फिनलंडच्या लॅपलंडमधली. जानेवारीचा पहिला आठवडा होता. हेलसिंकीहून रात्रीच्या ट्रेनने रोवानिएमी आणि तिथून बसने अजून उत्तरेला, असे आम्ही तिघं गेलो होतो: मी, नवरा आणि दहा वर्षांची लेक. या देशात राहून आम्हाला सात वर्षं झाली, पण इतक्या वर आम्ही कधी गेलो नव्हतो. डिसेंबरच्या सुरुवातीला मावळलेला सूर्य तिथे अजून उगवायचा होता. याला ते लोक ‘कामोस’ म्हणतात. जाण्याआधी मला वाटत होतं की कामोस म्हणजे महिनाभराची रात्र, मिट्ट काळोख. तसं नसतं. सकाळी दहाच्या सुमाराला दक्षिणेच्या कडेला आतून दिवा लावल्यासारखी एक फिकी गुलाबी पट्टी येते. सूर्य क्षितिजाच्या अगदी खालून जात असतो, वर येत नाही इतकंच. बाकी सगळं आभाळ आणि खालचा सगळा बर्फ निळा. ही निळाई आपल्याकडच्या संध्याकाळची नव्हे. नीळ घातलेल्या पाण्यातून पांढरं धोतर पिळून काढल्यावर त्याच्या चुण्यांत जी निळसर झाक राहते, ती. दुपारी दोननंतर तीही ओसरते. त्या चार तासांच्या उजेडात आम्ही स्नोशू घालून जंगलात शिरलो होतो.

फिनिशमध्ये स्नोशूला ‘लुमिकेंका’ म्हणतात, म्हणजे शब्दशः बर्फाचा बूट. पण तो बूट नसतोच, बुटाखाली बांधायची फळी असते. आमचे भाड्याचे होते. ॲल्युमिनिअमची लंबगोल चौकट, मध्ये ताणलेला प्लास्टिकचा पडदा, पंजाखाली पोलादी दात. पट्टे पंजावर आणि टाचेमागून आवळायचे, पण टाच मोकळी राहते, म्हणजे पाऊल उचललं की फळीचं शेपूट मागे लोंबतं आणि बर्फावरून घासत येतं. त्याचा एक आवाज असतो, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. पहिली पन्नास पावलं माणूस स्वतःच्याच पायावर पाय देतो. म्हणून पाय फाकवून, जरा डुलत चालायचं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती पडल्यावरच कळते: स्नोशूवर मागे चालता येत नाही. मागे पाऊल टाकलं की शेपूट बर्फात रुततं आणि माणूस पाठीवर. उलट फिरायचं तर पुढे पुढे जात मोठं वळण घ्यायचं. पडल्यावर हात टेकायला जावं तर हात खांद्यापर्यंत आत, कारण खाली टेकण्यासारखं काही नसतंच. दोन्ही काठ्यांची फुली करून ती बर्फावर आडवी ठेवायची आणि तिच्यावर भार देऊन उठायचं.

लोकांना वाटतं स्नोशू घातले की बुडायला होत नाही. होतं. फक्त कमी. माझ्या बुटाचा तळवा जेमतेम अडीचशे चौरस सेंटिमीटर, स्नोशूचा त्याच्या चार-पाच पट. तेवढ्या जागेवर वजन पसरतं, म्हणून जिथे मांडीपर्यंत गेले असते तिथे नडगीच्या निम्म्यापर्यंत जाते. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्के आणि त्याहूनही जास्त हवाच असते, तेव्हा एका अर्थी आपण हवेवरच चालत असतो. लेक पुढे चालली होती. तिचं वजन माझ्या निम्म्याहून कमी, तिच्या पावलांचे ठसे म्हणजे नुसते उथळ वाटोळे. मागे वळून माझ्या पायांकडे बघून तिने विचारलं, “आई, तू एवढी खोल का जातेस?” वजनाचं गणित मी तिला समजावून सांगितलं. तिला ते पटलं. मला नंतर कितीतरी वेळ तो प्रश्नच ऐकू येत राहिला.

उणे २२ला बर्फ पायाखाली बोलतो. शून्याच्या आसपासचा बर्फ पचपचीत, मुका असतो. खूप गारठला की कण वितळून सरकत नाहीत, मोडतात, आणि त्या मोडण्याचा करकर आवाज येतो, नव्या वहाणेसारखा. आम्ही चालत असताना तो सोबतीला असायचा. थांबलो की काहीच नाही. भुसभुशीत बर्फ आवाज पिऊन टाकतो. इतकी शांतता मी आधी कधी ऐकलेली नव्हती. स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू येतं, टोपीला लागलेले कानामागचे केस हलले तरी कळतं. पहिल्यांदा मला त्या शांततेची थोडी भीतीच वाटली. आपण तिघं सोडून इथे कुणी नाही, असं वाटलं.

पण तिथे पुष्कळ जण होते. ते सगळे लिहून ठेवून गेले होते.

सशाच्या उड्या कळायला सोप्या: मागचे दोन मोठे पाय पुढे पडलेले, पुढचे दोन लहान पाय मागे. कोल्ह्याची रांग शिवणीच्या टाक्यांसारखी सरळ, आणि मध्येच एका ठिकाणी बर्फात तोंड खुपसल्याचा खड्डा. वर उणे २२ असताना बर्फाच्या तळाशी, जमिनीलगत, शून्याच्या जवळपास तापमान असतं. उंदरांसारखे छोटे प्राणी तिथे बोगदे करून हिवाळा काढतात, आणि कोल्हा वरून त्यांची खुसपुस ऐकून उडी घालतो. एके ठिकाणी तर ठसे कुठूनही आलेले नव्हते. स्वच्छ बर्फात नुसतं एक भोक, हातभर पुढे दुसरं, आणि त्या दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना पंखांच्या पिसांचे ओरखडे. रिएक्को या पक्ष्याचं ते रात्रीचं घर होतं. तो उडत येऊन बर्फात सूर मारतो, आत बोगदा करून झोपतो आणि सकाळी तिथूनच उडून जातो. त्या बिळाला फिनिशमध्ये वेगळा शब्द आहे, ‘किएप्पी’. या रिएक्कोच्या पायांना नखांपर्यंत दाट पिसं असतात, म्हणजे स्नोशू तो जन्मतःच घालून येतो. रेनडिअरचे खूर रुंद आणि फाकणारे, त्यांनी तो बर्फ उकरून खालचा दगडफूल खातो. संध्याकाळी गावाजवळ पाच-सहा रेनडिअर आमच्या समोरून रस्ता ओलांडून गेले. ते चालताना त्यांच्या पायातून टिक टिक असा आवाज येतो. पायातला स्नायुबंध हाडावरून सरकण्याचा तो आवाज. लेकीने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही तो ऐकत उभ्या राहिलो.

ती सगळी पावलं वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला फारशी आवडली नाही. सगळ्यांत खोल, सगळ्यांत रुंद, सगळ्यांत आडदांड ठसे आमचे होते. आणि ते पुसले जाणार नव्हते. समुद्रावर लाट येते, पावसात चिखल सपाट होतो. इथे पुढचा बर्फ पडेपर्यंत, वारा सुटेपर्यंत, मी कुठे थांबले, कुठे वळले, कुठे पडले ते तसंच राहणार.

खरं तर स्नोशू ही या प्रदेशाची गोष्टच नाही. इथली मूळ चाल स्कीची. शेजारच्या स्वीडनमध्ये काल्वत्रेस्क इथल्या दलदलीत १९२४ साली एक स्की सापडली, ती सुमारे पाच हजार दोनशे वर्षं जुनी आहे. इथले मूळ रहिवासी, रेनडिअर पाळणारे सामी लोक स्कीवरूनच कळपामागे फिरत आले. स्नोशूचा मोठा इतिहास अटलांटिकच्या पलीकडचा: क्री, इनू, अनिशिनाबे या लोकांचा, कॅनडाच्या घनदाट जंगलांतला. पुरुषांनी लाकूड वाफवून चौकट वाकवायची आणि बायकांनी ओल्या चामड्याची बारीक वादी काढून जाळी विणायची, अशी त्या कामाची वाटणी. वादी ओली असताना विणायची म्हणजे वाळल्यावर ताणून बसते. मला ते वाचताना खाटेच्या सुंभाची आठवण झाली. कॅनडात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीत नोकरी करणारा जॉन रे नावाचा एक डॉक्टर होता, स्कॉटलंडच्या ऑर्क्नी बेटांवरचा. बर्फावर चालणं तो क्री लोकांकडून आणि बर्फात राहणं आर्क्टिकमधल्या इनुइटांकडून शिकला, आणि त्यामुळे जिथे ब्रिटिश नौदलाच्या मोठमोठ्या मोहिमा अडल्या तिथे तो मोजक्या माणसांनिशी पायी फिरला. त्याच नौदलाची, आर्क्टिकमध्ये बेपत्ता झालेली फ्रँकलिनची मोहीम, तिच्यातल्या माणसांचं शेवटी काय झालं, त्याची खबर १८५४ साली त्यानेच आणली, इनुइटांकडून ऐकून. त्याच्या समकालीन बड्या लोकांना ती रुचली नाही. मला रे आवडतो, कारण ज्यांची जमीन त्यांना विचारून तो पाऊल टाकत असे.

अजून एक. स्नोशू हे जंगलाचं साधन आहे, उघड्या माळाचं नाही. वर टेकडीच्या डोक्यावर, जिथे झाडं संपतात, तिथे वाऱ्याने बर्फ दाबून दाबून इतका टणक केलेला असतो की साध्या बुटानेही चालता येतं. खाली झाडांत वारा पोचत नाही, म्हणून बर्फ मऊ. सगळ्यांत मऊ फांद्यांखाली, खोडाच्या भोवती. तिथे स्नोशूसकट कंबरेइतकं जायला होतं, हे मी करून पाहिलं आहे. फिनिशमध्ये बर्फाला ‘लुमी’ म्हणतात, पण तो जमिनीवर साचून बसला की ‘हंकी’. वसंतात दिवसा वितळून रात्री गोठलेली हंकी सकाळी माणसाचं वजन पेलते, त्यालाही शब्द आहे, ‘हंकिकांतो’, हंकीचं पेलणं. आपल्याकडे गोळ्यातला बर्फ तोही बर्फ आणि हा तोही बर्फ. पण चिखल, राड, गाळ, रेंदा, दलदल यांतला फरक मला कुणी शिकवावा लागला नाही. कुठे पाय टाकला तर किती जाईल, हे आमच्या पायांना ठाऊक होतं.

त्या दिवशी आम्ही रुमाकुरूला गेलो होतो. रुमा म्हणजे कुरूप, कुरू म्हणजे घळ. कुरूप तर ती अजिबात नाही. ऊर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला ही घळ आहे. १९८३ साली झालेलं हे उद्यान अडीच हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे मुंबई त्यात चारदा मावेल. घळीत लाकडाची एक छोटी खोली आहे, वाटसरूंनी टेकावं म्हणून. दाराला कुलूप नाही. आत एक लोखंडी शेगडी, बाकं, भिंतीला कुऱ्हाड आणि टेबलावर वही. आत शिरलो तेव्हा कुणीही नव्हतं, पण शेगडीजवळ फोडलेली लाकडं रचलेली होती, वर बर्चच्या सालीचे पापुद्रे, काडी लावली की पेटावं असे. आमच्या आधी येऊन गेलेल्या कुणीतरी ते करून ठेवलं होतं. कुणी, ते माहीत नाही. थंडीने माझी बोटं इतकी लाकडासारखी झाली होती की काडी धरवत नव्हती, नवऱ्याने पेटवलं. डब्यातले थालीपीठ शेगडीच्या वरच्या पत्र्यावर गरम केले. भाजणीचा वास त्या खोलीत पसरला तेव्हा मला एकदम भरून आलं, का ते सांगता येणार नाही.

रानात दूरवर अशाच पण मुक्कामाच्या खोल्या आहेत, ‘आउतिओतुपा’. त्यांचा नियम मला आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितला होता. खोली भरलेली असताना बाहेरून कुणी थकलेला आला, तर जागा त्याची. जे आधी आले, ज्यांची विश्रांती झाली, त्यांनी उठायचं. रांगेत जन्म गेलेल्या मला हे पहिल्यांदा उलटं वाटलं होतं. त्या शेगडीपुढे बसल्यावर उलटं वाटलं नाही. निघताना नवऱ्याने लाकडं फोडली, लेकीने पापुद्रे सोलले, आणि आमच्यासाठी होती तशीच रास रचून आम्ही दार लोटून घेतलं.

आणि त्यानंतर तासाभरातच मी लातूत शिरले.

लातू म्हणजे स्कीची आखलेली वाट. मशीनने बर्फ दाबून त्यात दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात, आगगाडीच्या रुळांसारख्या, स्की त्यात बसवायची आणि घसरत जायचं. लातूत पायी चालायचं नाही, हे या देशात लहान मुलालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण उजेड उतरत होता, माझ्या उजव्या पट्ट्याची पकड ढिली होऊन फळी वाकडी फिरत होती, मांड्या भरून आल्या होत्या. आमच्या वाटेच्या शेजारून ती लातू जात होती, टणक, सपाट, इस्त्री केल्यासारखी. नवरा आणि लेक पुढे निघून गेले होते. मला वाटलं, थोडंच. चौदा पावलं. पंजाखालच्या पोलादी दातांनी खाचेच्या कडा मोडत होत्या, ते मला कळत होतं आणि तरी पाय हलका वाटत होता. खाचेत असा खड्डा आला की स्की अडकते, उतारावर असेल तर माणूस तोंडावर आपटतो. तेवढ्यात वळणावरून त्या बाई आल्या.

त्या गेल्यावर मी लेकीला गाठलं. तिने लांबून सगळं पाहिलं होतं. गावाचे दिवे दिसू लागेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “आई, त्या आजी तुला ओरडल्या का नाहीत?”

आजी. तिने सहज म्हटलं, आपली मुलं कुठल्याही म्हाताऱ्या बाईला म्हणतात तसं. पण तो शब्द ऐकला आणि मला कळलं की दुपारपासून काय टोचत होतं. मी त्या बाईंना आधी पाहिलेलं होतं. ते वाकणं पाहिलेलं होतं.

संगमेश्वरच्या बाजूला आमचं गाव. मी सातेक वर्षांची असेन. आषाढातली लावणी चाललेली, घरच्या बायका तरव्याच्या मुठी घेऊन गुडघाभर चिखलात ओळीने मागे मागे सरकत रोपं खोचत होत्या. लावून झालेल्या शेताला आमच्याकडे आवण म्हणतात, आणि पोरांना एकच सांगणं असायचं: बांधावरून चाला, आवणात पाय घालू नका. मी खेकड्याच्या मागे धावले. खेकडा आवणात गेला, मीही गेले. किती पावलं ते आठवत नाही, पण प्रत्येक पाऊल गुडघ्यापर्यंत रुतून, उपसताना पच्च आवाज करत बाहेर आलं, आणि मागे गढूळ पाण्याने भरत जाणारे खड्डे. त्यात रोपं दाबलेली, आडवी. मी बांधावर येऊन थिजून उभी राहिले. आता मार बसणार. आजी हातातली मूठ टाकून आली. पाठीवर इरलं, इरल्यावरून पाऊस गळतोय. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या खड्ड्याशी वाकली, चिखलात कोपरापर्यंत हात घालून दबलेली रोपं वर काढली, पाण्यात हलवून धुतली, तळव्याने चिखल सारखा केला आणि एक एक काडी पुन्हा खोचली. मग पुढचा खड्डा. सगळे झाल्यावर कंबर सरळ करत एवढंच म्हणाली, “उद्या बघू गो बाय, धरतायत का.”

रात्रभर मला झोप नव्हती. पहाटे पावसात मी बांधावर जाऊन उभी राहिले होते. त्या वयात रोपाने मूळ धरणं एका रात्रीत दिसत नाही, हे कळत नव्हतं. पिवळी पडून मान टाकलेली काही होती, काही उभी होती. मी रोज जात राहिले. आठ-दहा दिवसांनी हिरवी झाली. सगळी नाही.

त्या बाईंना ही गोष्ट सांगावी असं मला फार वाटलं. माझं फिनिश तेवढं चांगलं नाही, आणि आवण कसं सांगणार? हॉटेलच्या खिडकीतून रात्री बाहेर बघत होते. थंडी उणे २८ला गेली होती, दिव्याभोवती हवेतले बारीक हिमकण चमकत होते. नव्हता तो एक आवाज, पावसाचा.

परतीची बस साडेअकराची होती. नऊच्या अंधारात, डोक्याला दिवा लावून, साधे बूट घालून मी एकटी निघाले आणि लातूच्या कडेकडेने, पायी चालायच्या वाटेवरून, त्या वळणापर्यंत गेले. मशीन अजून यायचं होतं. पहिल्यांदा मला ती जागा सापडेना. मग दिवा तिरपा धरला तेव्हा दिसली: खाच सलग होती, पण चौदा-पंधरा ठिकाणी बर्फाचा पोत किंचित वेगळा, थोडा खडबडीत, हातमोज्याच्या विणीचा ठसा अजून त्यावर उमटलेला. मोडलेल्या बर्फाचे कण दाबले की एकमेकांना चिकटतात आणि थंडीत रात्रभरात घट्ट होतात, हे मी वाचलं होतं. गुडघे टेकून, वाटेच्या बाहेरूनच वाकले. उजवा हातमोजा काढला आणि अंगठ्याने सगळ्यांत कडेच्या, पंधराव्या खड्ड्यावर जोर देऊन पाहिलं.

धरलं होतं.